न जुळणारा ताळेबंद

युद्धाचा खेळ म्हटला, की आपण थेट सेनापतीच! वॉर्साच्या मंडळींनी २०१४ साली काढलेल्या ‘दिस वॉर ऑफ माइन’मध्ये मात्र हुद्दा मिळतो तो उपाशी नागरिकाचा. प्रेरणा सारायेव्होच्या वेढ्याची (१९९२-९६). २०२० साली पोलंड सरकारने तो वरच्या वर्गांच्या अवांतर वाचनात घातला. तिथल्या मुलांना फुकट!

रात्री म्हाताऱ्या जोडप्याची औषधं लुटायची की नाही, हे आपणच ठरवायचं. लुटली तर दंड नाही. आपला माणूस खचतो, बस्स. इथवर खेळ थोर. पण पुढे कुणी चार शब्द बोललं, की तो सावरतोही! म्हणजे पश्चात्तापालाही मुदत, ठेवीसारखी? आमच्या बँकेत खातं बंद करता येतं हो. म्हाताऱ्यांच्या औषधांचं कसं करणार?