इतिवृत्ताची वही आणि विद्यापीठ

देवस्थानच्या महाजनांची सभा भरली म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या वाचनाकडे पुष्कळांचे लक्ष नसते. परंतु पुढे एखाद्या मानाचा अथवा जमिनीचा वाद उपस्थित झाला, की तीच वही कपाटातून बाहेर निघते आणि तिच्यातील एकेका शब्दाला मोल चढते. ज्या संस्थेचा कारभार विद्वान मंडळी पाहतात, त्या विद्यापीठाची वही याहून सरस असावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

इतिवृत्ताचे महत्त्व गोमंतकाला पटवून दिले ते डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी. पोर्तुगीज राज्यमंडळाच्या १६१८ ते १७५० या काळातील सभांची इतिवृत्ते त्यांनी १९५३ ते १९५७ या वर्षांत पाच खंडांत प्रसिद्ध केली. याच कालखंडात, १७४६ साली, हळर्णचा कोट पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि तो घेणाऱ्या व्हाइसरॉयास 'मार्केस द अलोर्न' हा किताब मिळाला. या खंडांचे मोल केवळ ठरावांत नाही. निर्णयापूर्वी सभासदांनी कोणती मते दिली हेही त्यांत उमटले आहे, म्हणूनच इतिहासकारास ते उपयोगी पडतात. उणीव एवढीच, की ज्या रयतेविषयी ती मसलत चाले, तिला त्या सभेत आसन नव्हते.

आता स्थिती पालटली आहे. १९८४ च्या कायद्याने स्थापन होऊन १९८५ साली सुरू झालेले गोवा विद्यापीठ रयतेच्या पैशावर चालते. कोणता विषय शिकवावा, कोणता अभ्यासक्रम बदलावा, याचा विचार तेथील विद्यापरिषदेत होतो. त्याचे परिणाम पेडणे-डिचोलीच्या घराघरांत पोहोचतात. मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांचे उच्च अध्यापन तेथेच चालते, हेही विसरून चालणार नाही.

अशा परिषदांच्या इतिवृत्तांचा जो साचा सर्वत्र रूढ झाला आहे, त्याविषयी आमची तक्रार आहे. 'चर्चेअंती ठराव संमत झाला' या एका वाक्यात सारी चर्चा पुरली जाते. विरोध कोणत्या कारणास्तव झाला, दुसरा कोणता पर्याय पुढे आला, याचा मागमूस उरत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने दप्तराची सूची ठेवण्याचे आणि निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींस देण्याचे बंधन सार्वजनिक संस्थांवर घातले आहे. पण कारणे मुळात टिपलीच नाहीत, तर द्यावयाची कोठून?

मते नावानिशी नोंदली, तर प्राध्यापक मोकळेपणाने बोलणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. म्हणून नावे गाळावीत. युक्तिवाद मात्र गाळू नयेत. त्याचा सारांश मराठीत व कोंकणीत द्यावा, म्हणजे हळर्णच्या पालकासही तो वाचता येईल.

परक्या राजवटीच्या मसलती आज आपणांस उलगडतात. आपल्याच विद्यापीठाच्या मसलती नातवंडांस उलगडू नयेत, ही गोष्ट आम्हांस शोभादायक वाटत नाही.