'लिनक्स नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर्स गाइड' : नवशिक्यांसाठीच्या तांत्रिक लेखनाची समीक्षा

प्रस्तावना

युनिक्सकुलातील संगणक प्रणालीकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकासाठी जे लेखन झाले, त्यात ओलाफ किर्श यांच्या 'लिनक्स नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर्स गाइड' या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टने तो विनामूल्य उपलब्ध करून दिला आणि १९९५ मध्ये ओ'रायली या प्रकाशनसंस्थेने तो छापला. टेरी डॉसन यांच्या सहलेखनासह दुसरी आवृत्ती २००० मध्ये व पुढे तिसरी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथातील अनेक आज्ञा कालबाह्य झाल्या असताना अध्यापकांनी तो का वाचावा, या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

मांडणीचे स्वरूप

ग्रंथाचा आरंभ आज्ञांनी होत नाही. नेटवर्क म्हणजे काय, आयपी पत्ता कसा वाचावा, संदेशाचा मार्ग कसा ठरतो, हे आधी स्पष्ट केले जाते. प्रत्यक्ष जोडणी त्यानंतर येते. उदाहरणासाठी लेखकाने 'व्हर्च्युअल ब्रुअरी' हा काल्पनिक मद्यनिर्मिती कारखाना कल्पिला आहे. शेजारच्या वाइनरीचे नेटवर्क व ब्रुअरीचे नेटवर्क 'व्हीलागर' या संगणकाने जोडलेले आहे. त्यामुळे 'गेटवे' ही संज्ञा केवळ व्याख्या न राहता दोन इमारतींमधील दाराप्रमाणे डोळ्यांसमोर उभी राहते.

ई-मेलच्या प्रकरणातही हीच पद्धत आढळते. टपालाच्या लिफाफ्याचे साम्य देऊन पत्राचा मजकूर आणि ते पोहोचविण्यासाठी लागणारी माहिती यांत भेद केला आहे. वापरकर्ता ज्यात पत्र लिहितो तो प्रोग्रॅम आणि ते वाहून नेणारा सेंडमेलसारखा प्रोग्रॅम वेगळे असतात, हेही स्पष्ट होते. पत्र कोणत्या यंत्राकडे जावे हे डीएनएसमधील एमएक्स नोंद सांगते. म्हणून डीएनएसचे प्रकरण ई-मेलच्या आधी येणे तर्कसंगत ठरते.

मर्यादा

ग्रंथाच्या मर्यादाही दुर्लक्षित करता येत नाहीत. 'इफकॉन्फिग' व 'रूट' या आज्ञांची जागा लिनक्सवर आता 'आयपी' या आज्ञेने घेतली आहे. यूयूसीपीवरील विस्तृत विवेचनाला आज केवळ ऐतिहासिक मूल्य उरले आहे. पहिल्या आवृत्तीच्या काळात परक्याचे पत्र पुढे पाठविणे हे सौजन्य मानले जाई; त्याचा गैरवापर वाढल्याने १९९८ च्या सेंडमेल ८.९ मध्ये ही सोय मूळ मांडणीतच बंद करण्यात आली.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. राष्ट्रीय लिपींचा विचार ग्रंथात एल्म या प्रोग्रॅमच्या मांडणीपुरता येतो आणि त्याचा रोख युरोपीय अक्षरांकडे राहतो. मूळ टपालव्यवस्था सात बिटांच्या रोमन अक्षरसंचावर आधारलेली असल्याने देवनागरी पत्र निर्विघ्न पोहोचण्यासाठी माइम व युनिकोड यांची जोड आवश्यक ठरली. पत्त्यातच देवनागरी अक्षरे वापरण्याचे मानक तर २०१२ मध्ये आले. मराठी विद्यार्थ्याला हा भाग स्वतंत्रपणे शिकवावा लागतो.

समारोप

असे असूनही ग्रंथाचे मूल्य टिकून आहे, कारण त्याने आज्ञेपूर्वी कारण सांगितले. बनावट पत्रे ओळखण्यासाठी आज वापरात असलेल्या एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या पद्धती डीएनएसमधील नोंदींवरच उभ्या आहेत. एमएक्स नोंदीचे प्रयोजन ज्याला उमगले, त्याला या नव्या पद्धती परक्या वाटत नाहीत. ज्याने प्रात्यक्षिकाच्या वहीत केवळ आज्ञा उतरवून घेतल्या, त्याचे शिक्षण आज्ञा बदलताच निरुपयोगी ठरते. अभ्यासक्रमासाठी पुस्तक निवडताना ते किती नवे आहे यापेक्षा ते वाचकाला 'का' विचारायला शिकवते का, हा निकष अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. या निकषावर किर्श यांचा ग्रंथ आजही उतरतो.