सेल्कर्क आणि क्रूसो : ‘मूळ’ सापडल्यानंतर

डॅनियल डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) या कादंबरीचा विषय निघाला की अलेक्झांडर सेल्कर्क या स्कॉटिश खलाशाचे नाव ओघानेच येते, आणि कादंबरीचे ‘मूळ’ सापडल्याच्या समाधानात चर्चा बहुधा तेथेच थांबते. वस्तुतः वाङ्मयीन प्रश्न तेथून सुरू व्हावयास हवा.

सेल्कर्कची हकीकत थोडक्यात अशी. ‘सिंक पोर्ट्स’ हे गलबत किडीने पोखरले होते. त्यातून पुढे जाणे धोक्याचे आहे, यावरून त्याचे कप्तान स्ट्रॅडलिंगशी भांडण झाले व १७०४ साली चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ६७० किलोमीटरवरील मास आ तिएर्रा या निर्जन बेटावर तो आपल्याच हट्टाने उतरला. (गलबत पुढे खरोखरच बुडाले.) सुमारे चार वर्षे चार महिन्यांनी, फेब्रुवारी १७०९ मध्ये, वूड्स रॉजर्सच्या जहाजांनी त्याची सुटका केली. रॉजर्सचे प्रवासवृत्त १७१२ साली प्रसिद्ध झाले; पुढील वर्षी रिचर्ड स्टीलने सेल्कर्कवर निबंध लिहिला. डीफोने हा मजकूर पाहिला असणे सर्वथा संभवनीय आहे.

बकऱ्यांच्या कातड्याची वस्त्रे, माणसाळलेली मांजरे, बायबलचे वाचन ही साम्ये नेहमी दाखविली जातात. क्रूसोचे बेट ओरिनोको नदीच्या मुखाजवळ आहे व त्याचा वास अठ्ठावीस वर्षांचा आहे, हे भेदही सांगितले जातात. परंतु ज्या भेदात कादंबरीचे मर्म आहे, तो या यादीत सहसा येत नाही.

रॉजर्स सांगतो की, जहाजावर आलेला सेल्कर्क सरावाअभावी आपली भाषा इतकी विसरला होता की त्याचे बोलणे कळेना. शब्द अर्धेमुर्धेच उमटत. क्रूसोचे असे काहीच होत नाही. तो रोजनिशी लिहितो, सुखदुःखाचा जमाखर्च मांडतो, पोपटाला बोलावयास शिकवितो. त्याची शाई संपते, भाषा संपत नाही. याला विस्मरण म्हणता येणार नाही. निवेदन प्रथमपुरुषी आहे. भाषा गमावलेल्या माणसाने ते करावे कसे? क्रूसो पुष्कळ वर्षांनी लिहीत आहे, असा आक्षेप येईल, आणि सेल्कर्कची वाचाही परत आली होतीच. तथापि तसे केल्यास निवेदकाला स्वतःच्याच मुकेपणाचे वर्णन करावे लागले असते, आणि हिशेबी, स्वयंपूर्ण क्रूसो त्या वर्णनात टिकला नसता. मूळ घटनेतील सर्वांत भयंकर सत्य नाकारूनच, प्रस्तुत लेखकाच्या मते, ही कादंबरी उभी राहिली आहे.

शिवाय मूळ एकच असते, हेही खरे नव्हे. याच बेटावर विल नावाचा मिस्किटो जमातीचा एक मनुष्य १६८१ ते १६८४ एकटा राहिला होता. ती कथा विल्यम डॅम्पियरच्या १६९७ च्या ग्रंथात आहे. त्याला न्यावयास आलेल्या जहाजावरून त्याच्याच जमातीचा रॉबिन प्रथम किनाऱ्यावर उतरला व विलपुढे पालथा पडला. विलने त्याला उठवून मिठी मारली आणि मग स्वतः त्याच्यापुढे तसाच पडला. डीफोच्या कादंबरीत फ्रायडे क्रूसोचे पाऊल आपल्या मस्तकावर ठेवून घेतो. क्रूसो त्याला उठवितो, धीर देतो. प्रतिप्रणाम मात्र करीत नाही. तो त्याला एक नाव देतो, आणि आपणास ‘धनी’ म्हणावयास शिकवितो.