हरवलेल्या सहांचा शोध

घरांतील गुपितें उघड करणारीं पुस्तकें बहुधा वाचकाच्या कुतूहलावर जगतात. डॅनिअल मेंडेलसोन या अमेरिकन ग्रंथकाराचें ‘द लॉस्ट’ (२००६) हें पुस्तक त्यांहून निराळें आहे. आजोबांचे थोरले बंधु, त्यांची पत्नी व चार मुली हीं सहाजणें यहुदी म्हणून नाझींच्या हातीं मारलीं गेलीं, एवढेंच घरांत ठाऊक होतें. त्यांचें बोलेखुव हें गांव तेव्हां पोलंडांत होतें. आज तें युक्रेनमध्यें आहे. एरव्हीं गोष्टी रंगवून सांगणारे आजोबा याविषयीं मात्र मौन पाळीत. ते वारल्यावर त्यांच्या पाकिटांत बंधूंचीं १९३९ सालचीं पत्रें निघालीं. ‘आम्हांस येथून सोडवा’ हाच त्यांचा आशय.

ग्रंथकार देशोदेशीं जाऊन त्या गांवचे वांचलेले वृद्ध गांठतो. त्यांच्या आठवणी परस्परांशीं जुळत नाहींत. तो त्या ओढूनताणून जुळवीतही नाहीं. हा प्रामाणिकपणा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. बायबलांतील उत्पत्तिकथांवरील भाष्य मात्र जागोजाग लांबलें आहे. त्यांतील काइन व हाबेल यांची कथा तेवढी येथें सार्थ ठरते. कारण भावानें भावासाठीं पुरेसें केलें काय, हाच येथील खरा प्रश्न होय. अमेरिकेचें दार १९२४ च्या कायद्यानें आधींच अरुंद झालें होतें, हें ध्यानांत घेतां आजोबांस दोषी ठरविण्याची घाई आमच्यानें करवत नाहीं. ज्यांच्या घरीं एखाद्या नांवापाशीं बोलणें थबकतें, त्यांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें.