भोपळा, तार आणि शालजोडी

जॅझ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सॅक्सोफोन आणि धुराने कोंदलेले हॉटेल उभे राहते. ‘सौदादेस’ या तबकडीत त्यातले काहीच नाही. तिचा नायक ब्राझीलमधील रेसिफेचा नाना व्हास्कॉन्सेलोस (१९४४-२०१६). नावावरून आपल्याच आळीतला वाटतो! सौदाद हा पोर्तुगीज शब्द गोव्यात पुष्कळांच्या ओळखीचा. दुरावलेल्याची गोड हुरहूर, असा काहीसा त्याचा अर्थ.

नानाचे लाडके वाद्य बेरिंबाव. वाकवलेली काठी, तिला ताणून बांधलेली पोलादी तार आणि खालच्या अंगाला पोकळ भोपळा, एवढाच त्याचा संसार. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ते ब्राझीलला पोचले आणि कापोएरा नावाच्या झुंजीच्या खेळात ताल धरू लागले. बारीक छडीने तारेवर आघात करायचा; दुसऱ्या हातातला दगड किंवा नाणे तारेला टेकवून स्वर चढवायचा; भोपळ्याचे तोंड पोटाशी धरून नाद मिटायचा, दूर नेऊन उघडायचा. छडीच्या हातातच वेताचा खुळखुळा. स्वर मोजून दोनतीन. पण गोंधळ्याचे तुणतुणे एका तारेवर रात्र जागवते हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या गरिबीचे नवल वाटू नये.

हे वाद्य १९७९ साली जर्मनीत श्टुटगार्ट रेडिओच्या सिंफनी वाद्यवृंदापुढे बसवले गेले. पहिलीच रचना जवळजवळ एकोणीस मिनिटांची. व्हायोलिनांचे लांबलचक स्वर सुंदर आहेत, नाही असे नाही; पण ते पुढे सरले की मला वाटते, पाहुण्याचा सत्कार करताना शालजोडी त्याच्या तोंडावरूनच पांघरली. लोकवाद्याला मान द्यायचा तर त्याला बड्यांच्या पंगतीलाच बसवले पाहिजे का? संबळाच्या बाबतीत आपणही हेच करतो, आणि वर त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली म्हणतो.

‘सेगू अदेराल्दू’मध्ये ही अडचण उरत नाही. उत्तर-पूर्व ब्राझीलच्या एका अंध लोककवीचे हे नाव; रचना एग्बेर्तो जिस्मोंतीची आणि गिटारही त्याचीच. इथे कोणी कोणाचा सत्कार करीत नाही. दोघे ओट्यावर बसून बोलतात.

शेवटच्या ‘दादो’त नाना एकटा. वाद्यवृंद नाही, गिटार नाही. फराळाची ताटे उचलली गेली, मुले फटाक्यांवरून परतली, की घरातल्यांना आधी हीच छोटी रचना ऐकवावी. ती आवडली, तर मग तबकडी उलटून एकोणीस मिनिटांची मोठी बैठक जमवावी.