ओळ, पान आणि पडदा : कवितेच्या संहितेचा एक प्रश्न

ग्रंथाचा आकार आणि अक्षरांचे माप हा मुद्रकाचा व प्रकाशकाचा प्रश्न आहे, समीक्षकाचा नव्हे, असे आपण गृहीत धरत आलो आहोत. संहिता म्हणजे शब्दांचा क्रम. तो किती रुंद पानावर आणि किती पॉइंटांच्या टंकात मांडला गेला याने संहिता बदलत नाही, ही त्यामागची धारणा. गद्याबाबत ती बऱ्याच अंशी खरी आहे. छंदोबद्ध कवितेबाबतही ती टिकते. मुक्तशैलीतील कवितेपाशी मात्र ती टिकत नाही, आणि ई-पुस्तकामुळे ही गोष्ट आता वर्गातच अनुभवास येऊ लागली आहे.

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या टिपणात, कवीने ओळ मध्येच तोडून साधलेल्या विरामाचे बारकाईने विवेचन केले होते. छापील संग्रहात ती ओळ सलग होती. विराम कवीचा नव्हता, तिच्या फोनच्या पडद्याचा होता. तिचे वाचन निष्काळजी नव्हते. उलट ओळीच्या शेवटाकडे लक्ष द्यावे, हे आपणच शिकवलेले तिने मनोभावे पाळले होते. चूक वाचनाची नसून वाचनापुढे आलेल्या पानाची होती.

हा प्रश्न पूर्वी का उद्भवला नाही, हे पाहण्यासारखे आहे. पोथीत शब्द सलग लिहिले जात. ओवी कोठे संपली हे दंड आणि क्रमांक सांगत, आणि चरण कोठे संपला हे यमक सांगे. पान आडवे असो वा उभे, ओवीला त्याची क्षिती नव्हती. दासोपंतांनी तर ‘पंचीकरण’ कापडाच्या लांबरुंद पासोडीवर लिहिले. अक्षरगणवृत्ताचेही तसेच. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांची ओळ अरुंद पानात मोडली, तरी वाचकाचा कान ती पुन्हा सांधतो. छंद हा ओळीचा पानाबाहेरचा साक्षीदार असतो. अनिलांच्या ‘भग्नमूर्ती’तील (१९४०) मुक्तछंदालाही आंतरिक लयीचा आधार आहे. तो आधारही सोडणाऱ्या मुक्तशैलीत मात्र ओळीची सीमा सांगणारे दुसरे काहीच उरत नाही. उरते ती ओळीनंतरची कोरी जागा. म्हणजे ज्या घटकाला आपण मांडणी म्हणत होतो, तोच येथे रचनेचा घटक बनतो.

छापील पुस्तकाने ही जबाबदारी नकळत पेलली. त्याचे माप सौंदर्यदृष्टीपेक्षा कागदाने ठरवले : २० × ३० इंचांचा डबल क्राऊन ताव चार वेळा दुमडला की ५ × ७.५ इंचांचे पान मिळते. डेमीचे पान सुमारे ५.५ × ८.५ इंचांचे. समास सोडून उरलेली साधारण चार इंचांची रुंदी बहुतेक कवितांच्या ओळींना पुरत होती. एखादी ओळ न मावल्यास जाणता जुळारी उरलेले शब्द खालच्या ओळीत आत सरकवून बसवी. ही नाइलाजाची मोड आहे, कवीची नव्हे, असा तो अबोल संकेत होता. ई-पुस्तकात हा संकेत पुष्कळदा पाळला जात नाही. वाचकाने अक्षर वाढवले की मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप नव्याने मांडला जातो, आणि कवीची मोड व यंत्राची मोड एकाच डाव्या कडेला येऊन उभ्या राहतात.

उदाहरणापुरती रचलेली एक ओळ घेऊ : ‘अंगणातल्या धोतरावरून ऊन उतरत गेले आणि आजोबा आले नाहीत’. या ओळीचे बळ ‘आणि’मध्ये आहे. रोजची घटना आणि कायमचे नसणे ती एकाच श्वासात, समान पातळीवर सांगते. शोक वेगळा काढून दाखवत नाही. आता अरुंद पडद्यावर ‘गेले’पाशी ओळ मोडली आणि ‘आणि आजोबा आले नाहीत’ हे शब्द स्वतंत्र ओळ होऊन आले, तर तेच शब्द कलाटणी देणारे, किंचित भावविवश होतात. एकही अक्षर बदललेले नाही. पण संयत कविता नाट्यपूर्ण झाली आहे. याला पाठभेद म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

यावर छापील पानाचे स्थिर चित्रच ई-पुस्तकात द्यावे, असा एक उपाय सुचवला जातो. तो अपुरा आहे. साडेपाच इंच रुंदीचे पान अडीच इंचांच्या पडद्यावर बसवले की १२ पॉइंटांचे अक्षर साडेपाच पॉइंटांच्या आसपास येते. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे असल्यामुळे या मापात ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतील भेदच पुसट होतो. शिवाय अक्षर मोठे करून वाचणे ही चैन नव्हे. अधू दृष्टीच्या वाचकाचा तो हक्क आहे. ओळ वाचवण्यासाठी वाचक गमावणे समर्थनीय नाही.

तेव्हा जुळाऱ्याचा जुना संकेतच नव्या माध्यमात आणणे इष्ट. कवीची प्रत्येक ओळ स्वतंत्र एकक म्हणून नोंदवावी आणि न मावणारे शब्द आत सरकून यावेत, अशी योजना ई-पुस्तकात सहज करता येते. ओळ मोडेल, पण मोड कोणाची हे कळेल. ही योजना करण्याचे काम तंत्रज्ञाचे असले, तरी तिची मागणी संपादकाने केली पाहिजे. कारण कवीची ओळ कोणती, हे हस्तलिखित व पहिली आवृत्ती पाहून तोच ठरवू शकतो. आणि समीक्षकाने आपण कोणत्या आवृत्तीच्या, कोणत्या पानावरची ओळ वाचली हे सांगण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली पाहिजे. त्या विद्यार्थिनीचे टिपण मी गुण कापून परत केले होते. आज वाटते, छापील प्रत शेजारी ठेवून तिच्याकडून त्याच विवेचनाचा पुढचा भाग लिहून घ्यावयास हवा होता.