६७ टक्के, पण कशाचे? टॅरँटुलाच्या व्यापारावरचा एक पेपर वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यातलं काय पटलं नाही तेही सांगा." पहिला भाग सगळ्यांना जमतो. दुसऱ्या भागाला बरेच जण "सॅम्पल साइझ लहान होता" एवढं म्हणून मोकळे होतात. म्हणून आज मी मुद्दाम असा पेपर घेतेय, ज्यात डेटा भरपूर आहे, लेखक जाणकार आहेत आणि तरी गोषवाऱ्यातला सगळ्यात ठळक आकडा जपून वापरावा लागतो.

पेपर २०२२ चा आहे, 'कम्युनिकेशन्स बायोलॉजी' मधला. लेखक बेंजामिन मार्शल, अॅलिस ह्यूजेस आणि सहकारी. विषय अष्टपादांचा, म्हणजे कोळी, विंचू वगैरेंचा जागतिक व्यापार. याच गटातल्या काहींनी २०२० मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांवर असाच अभ्यास केला होता. आता गोषवारा काय म्हणतो ते बघा: १,२६४ प्रजाती व्यापारात सापडल्या. व्यापारातल्या प्राण्यांची संख्या दशलक्षांच्या घरात, त्यातले ६७ टक्के थेट जंगलातून आलेले, काही वंशांत तर ९९ टक्क्यांपर्यंत. टॅरँटुलांच्या जवळपास निम्म्या प्रजाती विकल्या जातात. आणि साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराचं संरक्षण यातल्या जेमतेम ३० प्रजातींना, म्हणजे २ टक्क्यांना.

हे वाचून तुमच्या मनात चित्र काय उभं राहतं? युरोप-अमेरिकेतल्या घरांत प्लास्टिकच्या डब्यात जे टॅरँटुला पाळले जातात, त्यातले तीनातले दोन कुठल्यातरी जंगलातून उचललेले. हे चित्र पेपरमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ते आपण आपल्या मनाने जोडतो. आणि मग प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात संदर्भ म्हणून टाकून देतो.

आता मेथड्स उघडा. माहिती मुख्यतः तीन ठिकाणांहून आली आहे. कोळी-विंचू विकणारी संकेतस्थळं, साइटिसची व्यापार-नोंद आणि लेमिस. लेमिस म्हणजे अमेरिकेच्या मासे व वन्यजीव खात्याची आयात-निर्यातीची नोंदवही. संकेतस्थळांवरून कळतं ते 'या प्रजातीचं नाव विक्रीला दिसलं' एवढंच. किती नग, कुठून आणले, हे त्यातून नीट मोजता येत नाही. प्राणी जंगलातला की बंदिवासात जन्मलेला, याचा रकाना असतो तो नोंदवहीत. तेव्हा ६७ टक्क्यांचा छेद, म्हणजे रेघेखालचा आकडा, मुख्यतः सीमा ओलांडून कागदावर आलेल्या प्राण्यांचा आहे. शिवाय तो सगळ्या अष्टपादांचा आहे, नुसत्या टॅरँटुलांचा नाही. पश्चिम आफ्रिकेतला एम्परर विंचू पाळण्यासाठी वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने निर्यात होत आला आहे आणि तोही याच बेरजेत बसतो.

मग घरात वाढवलेले कोळी कुठे गेले? इथे थोडं जीवशास्त्र आठवावं लागेल.

टॅरँटुलाचा नर शेवटची कात टाकून प्रौढ झाला की त्याच्याकडे वेळ कमी असतो. बहुतेक प्रजातींत काही महिने ते वर्ष-दोन वर्षं. तो एक छोटं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकांशी असलेल्या फुगीर भागांत तो भरून घेतो. मग मादीची शोधाशोध. पाळणारे लोक या टप्प्याला नर एकमेकांकडे 'उधार' देतात, पिल्लं निम्मी-निम्मी या बोलीवर. मादी वीर्य साठवून ठेवते, पण अंडी घालण्याआधी तिने कात टाकली तर साठवणीच्या पिशवीचं अस्तरही कातीबरोबर जातं आणि सगळं मुसळ केरात. जमलं तर रेशमी पिशवीत प्रजातीनुसार काही डझन ते काही शे अंडी. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या ब्राकिपेल्मा कोळ्याची एक पिशवी काही शे पिल्लं देते.

ही पिल्लं, हौशी लोकांच्या भाषेत 'स्लिंग', छोट्या डब्यांत घालून त्याच देशात विकली जातात. कस्टमचा संबंध येत नाही. समजा, ओहायोतल्या एका घरात चारशे पिल्लं निघाली आणि ती शेजारच्या राज्यांत गेली. लेमिसमध्ये त्यांची नोंद शून्य. त्याच दिवशी चिलीहून आलेल्या पेटीतले पन्नास मोठे कोळी मात्र पन्नासच्या पन्नास नोंदले जाणार. नोंदवहीच्या हिशेबाने त्या दिवशीचा व्यापार शंभर टक्के जंगली. यात लबाडी कोणाचीच नाही, ती वही या कामासाठी बनवलेलीच नव्हती.

इथवर वाचून पाळणाऱ्यांची बाजू घेणारे खूश होतील. "आम्ही तर सगळं घरीच पैदा करतो," हा त्यांचा नेहमीचा दावा. पण थांबा. ज्या कारणाने ६७ हा आकडा घरातल्या कोळ्यांना लागू होत नाही, त्याच कारणाने त्यांचा दावाही सिद्ध होत नाही. घरच्या पैदाशीची नोंद कुणाकडेच नाही. त्यातच 'बंदिवासात जन्मलेला' हा शब्द फसवा आहे. जंगलातून गाभण मादी आणली, तिने डब्यात अंडी घातली, तर पिल्लं बंदिवासातच जन्मली की! साइटिसच्या कागदावर यासाठी वेगळी अक्षरं आहेत: जंगलातल्याला 'डब्ल्यू', नुसतं बंदिवासात जन्मलेल्याला 'एफ', आणि आई-वडीलही बंदिवासातलेच असून इतर अटी पूर्ण करणाऱ्याला 'सी'. दुकानाच्या जाहिरातीत हा फरक क्वचितच दिसतो.

माझ्या मते पेपरची खरी उणीव इथे आहे. सरासरीने तो जो भेद पुसून टाकतो, तोच निर्णायक आहे. कोणता कोळी घरात वाढवणं परवडतं? चिलीच्या ग्रामोस्टोलाची वाढ इतकी सावकाश की मादी प्रौढ व्हायला बरीच वर्षं लागतात. तेवढी वर्षं खाऊ घालण्यापेक्षा जंगलातून आणलेली मोठी मादी स्वस्त पडते. त्यामुळे वर्षानुवर्षं दुकानांत जंगलातलीच येत राहिली. उलट भारत-श्रीलंकेतले झाडावर राहणारे पोसिलोथेरिया भराभर वाढतात, बंदिवासात अंडी घालतात, पिल्लांना भाव चांगला मिळतो. दोघांना एका टक्केवारीत बसवलं की धोरण आखणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. 'काही वंशांत ९९ टक्क्यांपर्यंत' हा तुकडा त्या दृष्टीने ६७ पेक्षा कितीतरी उपयोगी आहे, पण तो स्वल्पविरामानंतर येतो.

नावांचाही घोळ लक्षात घ्या. प्रजाती मोजल्या त्या नावं जुळवून. पण २०१७ मध्ये मेंडोझा आणि फ्रँके यांनी ब्राकिपेल्माची फेरतपासणी केली, तेव्हा दिसलं की हौशी लोक ज्याला स्मिथी म्हणत होते तो बहुतांशी हॅमोरी होता. जाहिरातीतलं नाव म्हणजे विकणाऱ्याचा समज. तो बरोबर असेल, नसेल. नकाशावर रंगवताना मात्र तोच प्रजातीचा पुरावा होतो.

आता पेपरची बाजू. गोषवाऱ्यात एक वाक्य आहे ज्याकडे कमी लक्ष जातं: २००० नंतर वर्णन झालेल्या टॅरँटुला-प्रजातींपैकी २५ टक्के आधीच व्यापारात आहेत. यावर वर काढलेल्या छेदाच्या शंकेचा फारसा परिणाम होत नाही, कारण इथे नग मोजलेले नाहीत, प्रजाती मोजल्या आहेत. आणि नव्या प्रजातीचा पहिला कोळी कुठूनतरी जंगलातूनच यावा लागतो. हा आकडा वर्गीकरण करणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या, अंगाशी येणारा आहे. आपण पेपरमध्ये गाव, उंची, अक्षांश-रेखांश छापतो आणि गोळा करणारा ते वाचतो. कधी क्रम उलटाही असतो. २०१९ मध्ये सारावाकमधल्या एका निळ्या पायांच्या कोळ्याचं वर्णन झालं ते युरोपातल्या खाजगी संग्राहकांकडून आलेल्या नमुन्यांवरून, आणि परवान्यावरून मोठा वाद झाला.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पोसिलोथेरिया मेटॅलिका, गर्द निळा कोळी. पोकॉकने १८९९ मध्ये त्याचं वर्णन केलं. नमुना आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेला, बहुधा ओंडक्यांबरोबर आलेला. पुढे शंभर वर्षं पत्ता नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो परत दिसला. २००८ मध्ये आययूसीएनने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं, कारण माहीत असलेलं क्षेत्र १०० चौरस किलोमीटरहूनही कमी. आणि आज हाच कोळी युरोप-अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या डब्यांत वाढतोय. २०१९ मध्ये अख्खा पोसिलोथेरिया वंश साइटिसच्या परिशिष्ट दोनमध्ये गेला.

मग घरच्या पैदाशीने हा कोळी वाचला का? डब्यातल्या कोळ्यांमुळे जंगलातून उचलण्याचा मोह कमी झाला असू शकतो, एवढं मान्य. पण त्यांचे पूर्वज मुळात याच जंगलातून गेले. भावंडांचे किती वेळा जोड लागले याची वंशावळ नाही आणि परत जंगलात सोडण्याजोगा साठाही तो नाही. शिवाय तिथलं झाड तुटलं तर डब्याबाहेरच्या कोळ्याला त्या डब्यांचा काय उपयोग? याला मी संवर्धन म्हणणार नाही. ६७ टक्क्यांचा आकडाही या प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्यासाठी त्या जंगलात रात्री टॉर्च घेऊन झाडांच्या ढोल्या मोजाव्या लागतील, वर्षामागून वर्ष.

मुलाखतीत हा पेपर घेणार असाल तर उत्तर साधारण असं बांधा: प्रजातींच्या संख्येचा पुरावा भक्कम आहे, नगांच्या उगमाचा पुरावा सीमेवरच्या नोंदींपुरता आहे, देशांतर्गत पैदास दोन्हीत दिसत नाही. समोरच्यांनी "मग तुम्ही काय मोजाल?" असं विचारलं तर एकच वंश आणि एकच देश निवडा. पाळणाऱ्यांकडून दरवर्षीच्या अंड्यांच्या पिशव्या, त्यातून जगलेली पिल्लं आणि आईचा उगम, एवढ्या तीनच गोष्टींची नोंद मागा. ते देतील का, हा पुढचा प्रश्न. परिशिष्टात नाव आल्यापासून खरं सांगायला माणसं कचरतात, आणि तुमच्या प्रश्नावलीत त्याची तजवीज काय केली आहे हे परीक्षक विचारणारच.